मोहोर आणि मजकूर

शताब्दीसारख्या प्रसंगी संस्थापकांचे स्मरण व्हावे, देणगीदारांचे ऋण मान्य केले जावे, हे उचितच आहे. ते कार्य या ग्रंथात अधिकारी हातांनी झालेले असेलच. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. ग्रंथालय ग्रंथ जमविते, जपते आणि सभासदांच्या हाती देते. त्यापुढचे काम वाचकाचे असते आणि त्या कामाची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. इतिहास, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, अहवाल अशा ज्या ग्रंथांना आपण ललितेतर म्हणतो, ते कसे वाचावेत याविषयी काही विचार येथे मांडावयाचे आहेत.

कादंबरी उघडताना आपण लेखकाशी एक अबोल करार करतो. तो सांगेल ते तेवढ्यापुरते खरे मानावयाचे, असा तो करार. इतिहासकार किंवा चरित्रकार असा करार मागत नाही. तो दावा करतो : हे असे घडले आहे. कराराला रसिकता पुरते. दाव्याला मात्र साक्ष लागते. असे असूनही आपल्याकडे बहुतेक वाद ‘पुस्तकात तसे छापले आहे’ या एका वाक्यावर मिटविले जातात. छापील शब्दाविषयीचा हा आदर चांगल्या संस्कारातून आलेला आहे; परंतु आदर आणि विश्वास या दोन गोष्टी एक नव्हेत.

आपल्या भागात तर या भेदाला विशेष महत्त्व आहे. १९५६ साली हैदराबाद राज्याचे विभाजन झाले तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद हा भाग म्हैसूर राज्यात आला. काही भाग आंध्रात गेला. गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. त्याच्याही कडेचे तुकडे असेच वेगळे झाले. परिणामी एकाच भूमीचा इतिहास मराठीत एका रीतीने, कन्नडमध्ये दुसऱ्या, उर्दूत तिसऱ्या आणि तेलुगूत चौथ्या रीतीने लिहिला गेला. ज्याने एकाच भाषेचे कपाट उघडले, त्याला आपण पूर्ण इतिहास वाचला असे वाटते. ही समजूत किती अपुरी असते, हे पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या दोन जिल्ह्यांतीलच उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले उदाहरण गुलबर्ग्याचे. १३४७ साली दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि गुलबर्गा त्याची राजधानी झाली. या घराण्याला ‘बहमनी’ हे नाव कसे पडले, याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. हसन हा दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिष्याच्या पदरी होता; शेत नांगरताना त्याला धनाचा हंडा सापडला; तो त्याने प्रामाणिकपणे धन्याच्या स्वाधीन केला; तेव्हा ‘तू राजा होशील, त्या वेळी माझे नाव धारण कर’ असे गंगूने त्याला सांगितले. कथा गोड आहे आणि दोन समाजांच्या सलोख्याची म्हणून ती मनाला रुचतेही. ती आपल्यापर्यंत पोहोचली मुख्यतः फिरिश्त्याच्या तवारिखेतून. फिरिश्ता हा विजापूरच्या इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाला होता आणि सतराव्या शतकाच्या आरंभी लिहीत होता. म्हणजे घटना आणि लेखन यांत अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

आता दुसरा साक्षीदार पाहू. इसामी या कवीने १३५० च्या सुमारास, म्हणजे प्रत्यक्ष हसनच्या कारकिर्दीत आणि त्याच्याच आश्रयाने ‘फुतूह-उस्-सलातीन’ हा ग्रंथ रचला. त्यात गंगू ब्राह्मणाची कथा नाही. हसनच्या नाण्यांवर ‘बहमन शाह’ ही उपाधी आहे. बहमन हे प्राचीन इराणी राजाचे नाव असून त्याच्याशी नवे घराणे आपला संबंध जोडीत होते. तेव्हा गंगूची कथा संशोधकांनी बाजूला ठेवली, हे योग्यच झाले. पण जागरूक वाचक येथे थांबणार नाही. इसामी समकालीन असला तरी दरबारी आश्रित होता. आणि नव्या राजाला थोर वंश चिकटविणे हा दरबारी कवीचा जुनाच धंदा. त्यामुळे नाण्यांवरून एवढेच सिद्ध होते, की या राजाने ‘बहमन’ हे नाव धारण केले होते. तो खरोखर इराणी राजवंशातील होता, हे नाणे सांगू शकत नाही. पुरावा जेवढे बोलतो तेवढेच त्याच्या तोंडून ऐकावे. त्याच्या तोंडी आपले वाक्य घालू नये.

दुसरे उदाहरण प्रवासवर्णनाचे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, सत्तराच्या आगेमागे, अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी चौल बंदरात उतरला आणि जुन्नरमार्गे बीदरला आला. या भागात त्याने बराच काळ घालविला. उमराव चांदीच्या पालख्यांतून मिरवतात आणि खेड्यातील प्रजा हालात दिवस काढते, ही त्याची नोंद प्रसिद्ध आहे. बीदरपासून काही कोसांवर एका शेखाच्या नावे भरणाऱ्या यात्रेचेही त्याने वर्णन केले आहे. ती यात्रा म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदची, असे अभ्यासक मानतात. तेथे विक्रीला वीस हजार घोडे येतात, असे तो लिहितो. लगेच पुढे तो त्याच ठिकाणच्या एका पक्ष्याची हकिगत देतो. हा पक्षी रात्री उडतो, ज्या घरावर बसतो तेथे माणूस मरतो, आणि त्याला मारू जावे तर त्याच्या तोंडातून आग निघते. माकडांचा एक राजा असून त्याचे सैन्यही आहे, असेही तो सांगतो.

हे वाचून दोन प्रकारचे वाचक चुकतात. एक म्हणतो, ‘हा प्रत्यक्षदर्शी होता, तेव्हा सारे खरे.’ दुसरा म्हणतो, ‘आग ओकणारा पक्षी सांगणारा माणूस, याचे काहीच विश्वसनीय नाही.’ वास्तविक निकितिनच्या एकाच पानावर तीन प्रकारची विधाने आहेत. घोड्यांचा बाजार त्याने पाहिला असणार. तो स्वतः विकावयास एक घोडा घेऊनच हिंदुस्थानात आला होता आणि घोड्यांचा व्यापार त्याला कळत होता. वीस हजार हा आकडा मात्र कोणी मोजून सांगितलेला नाही. ‘अफाट’ असे म्हणण्याची ती एक रीत आहे. आणि पक्ष्याची गोष्ट ही गावकऱ्यांकडून ऐकलेली आहे. घुबडाविषयीच्या समजुती आपल्या घरांत आजही ऐकू येतात. म्हणजे पाहिलेले, अंदाजिलेले आणि ऐकलेले अशा तीन रांगा लावल्या की निकितिन अत्यंत मोलाचा साक्षीदार ठरतो. ऐकीव गोष्टसुद्धा टाकाऊ नाही. त्या काळी या भागातील लोक काय मानीत होते, याची ती साक्ष आहे.

तिसरे उदाहरण बीदरच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरणाचे. महमूद गावान हा इराणातून आलेला मुत्सद्दी बहमनी राज्याचा वजीर होता. त्याने १४७२ मध्ये पूर्ण केलेल्या मदरशाचे अवशेष बीदरमध्ये आपण सर्वांनी पाहिले आहेत. तेथे तीन हजार ग्रंथांचा संग्रह होता, असे सांगतात. दरबारात परदेशी आणि दख्खनी असे दोन पक्ष होते. गावानच्या सुधारणांमुळे दुखावलेल्या विरोधकांनी त्याच्या मोहोरदाराला मद्य पाजून एका कोऱ्या कागदावर गावानची मोहोर उठवून घेतली आणि वर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले. ते पत्र सुलतान तिसरा मुहम्मदशहा याच्यापुढे ठेवण्यात आले. मोहोर माझी आहे, पण मजकूर माझा नाही, असे गावानने सांगितले. ते ऐकले गेले नाही. एप्रिल १४८१ मध्ये त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. त्याच्या घरी अपेक्षित धन सापडले नाही, तेव्हा सुलतानाचे डोळे उघडले. पुढच्याच वर्षी तोही मरण पावला आणि राज्य मोडकळीस आले.

मला हे प्रकरण नेहमी वाचनाचे प्रकरण वाटत आले आहे. सुलतानाने मोहोर पाहिली, पत्र वाचले नाही. अक्षर कोणाचे, पत्र कोणाच्या हाती सापडले, आणणाऱ्याचा यात स्वार्थ काय, ज्याने आयुष्यभर निष्ठेने सेवा केली तो असे का लिहील, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. मोहोर खरी म्हणून मजकूर खरा, असा त्याचा हिशोब होता. आपणही प्रसिद्ध प्रकाशकाचे नाव, पदव्यांनी भरलेले मलपृष्ठ, थोरामोठ्यांची प्रस्तावना पाहून हाच हिशोब करतो. प्रकाशन ही मोहोर आहे. मजकुराची परीक्षा त्याने होत नाही.

परंतु गोष्ट येथेही संपत नाही. मोहोरदार, मद्य, कोरा कागद हा सारा तपशील आपल्याला ठाऊक झाला तो पुन्हा मुख्यतः फिरिश्त्यामुळे. आणि तोही सव्वाशे वर्षांनी लिहिणारा. त्याचा आश्रयदाता आदिलशाही घराण्याचा. त्या घराण्याचा संस्थापक यूसुफ हा गावानच्या पक्षाचा माणूस. उलट, कटाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या मलिक हसनचा मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक. म्हणजे या मृत्यूच्या हकिगतीत पुढील काळातील दोन प्रतिस्पर्धी राज्यांच्या पूर्वजांची अब्रू गुंतलेली होती. शिवाय आपल्यापैकी बहुतेकांनी वाचलेला फिरिश्ता हा जॉन ब्रिग्जने १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी भाषांतरातून, किंवा त्यावरून झालेल्या लेखनातून आलेला असतो. आणि ब्रिग्ज अनेक ठिकाणी मूळ फार्सीपासून दूर गेला आहे. याचा अर्थ फिरिश्ता खोटा असा नव्हे. गावानचा वध झाला, आणि तो अन्यायाने झाला, याविषयी वाद नाही. मात्र बंद दालनातील संवाद शब्दशः देणारा लेखक तेथे उपस्थित नव्हता, हे ध्यानात ठेवून ते संवाद वाचावेत. त्याच्या जोडीला गावानची स्वतःची पत्रे ‘रियाज-उल्-इन्शा’ या संग्रहात उपलब्ध आहेत, तीही पाहावीत. आणि तीसुद्धा मुत्सद्द्याची पत्रे आहेत हे विसरू नये.

येथे कोणी विचारील, की असेच प्रश्न दामाजीपंतांच्या कथेलाही विचारावयाचे काय? मंगळवेढ्याचे कोठार दुष्काळात लुटवणारे दामाजीपंत आणि विठू महाराचे रूप घेऊन बीदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत भरणारा पांडुरंग ही मराठी मनाची ठेव आहे. महिपतीने १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ती आली, आणि आपण पूर्वसूरींच्या आधारे लिहितो हे महिपती स्वतःच सांगतो. तो बीदरच्या खजिन्याचा जमाखर्च देण्यास बसलेला नाही. तो भक्तीचे माहात्म्य सांगतो. त्याच्याकडे पावती मागणे हा अरसिकपणा होईल. पण त्या कथेचा आधार घेऊन कोणी पंधराव्या शतकातील धान्याचे भाव सांगू लागला, तर तोही तितकाच चुकेल. ग्रंथ कोणत्या जातीचा आहे, हे ओळखणे ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. श्रद्धेचा ग्रंथ श्रद्धेच्या जागी आणि दस्तऐवज दस्तऐवजाच्या जागी ठेवला की दोघांचाही मान राहतो.

आतापर्यंतची उदाहरणे शतकांपूर्वीची असल्याने ती शांतपणे वाचता येतात. खरी कसोटी लागते ती स्वतःच्या घरापर्यंत पोहोचणाऱ्या इतिहासात. १९४८ हे आपल्या भागाचे तसे वर्ष आहे. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. या एका घटनेला किती नावे आहेत पाहा. सरकारी कागदात ती ‘पोलीस कारवाई’. मराठवाड्यात ‘मुक्तिसंग्रामाची’ सांगता. काही उर्दू लेखनात ‘सुकूत-ए-हैदराबाद’, म्हणजे हैदराबादचे पतन. नाव उच्चारताच लेखक कोठे उभा आहे हे कळते. म्हणून अशा ग्रंथाचे शीर्षकसुद्धा वाचकाने थांबून वाचावे.

या वर्षाविषयी प्रत्यक्ष सहभागी असलेल्या तिघांची तीन पुस्तके आहेत. कन्हैयालाल मुनशी हे भारत सरकारचे एजंट जनरल म्हणून हैदराबादेत होते. त्यांचे आठवणींचे पुस्तक १९५७ मध्ये आले. मीर लायक अली हे निजामाचे पंतप्रधान. नजरकैदेतून निसटून ते पाकिस्तानात गेले आणि १९६२ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडली. स्वामी रामानंद तीर्थ हे स्टेट काँग्रेसचे नेते. त्यांच्या आठवणी १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तिघेही घटनेच्या अगदी जवळ होते, आणि तिघांनाही इतिहासापुढे काही सिद्ध करावयाचे होते. मुनशींना आपल्या सरकारची आणि स्वतःची भूमिका, लायक अलींना गमावलेल्या राज्याची कैफियत, स्वामीजींना जनतेच्या लढ्याचे श्रेय. शिवाय त्या सप्टेंबरमध्ये स्वामीजी तुरुंगात होते. म्हणजे त्या दिवसांतील बाहेरच्या घडामोडी त्यांनाही इतरांकडूनच कळलेल्या. हे सांगण्यात त्यांच्या त्यागाचा अवमान नाही. जवळ असणे आणि सर्व दिसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले, की जेथे तिघांचे एकमत होते तेथे पाय टेकता येतो. आणि जेथे एकजण बोलतो व दुसरा गप्प राहतो, तेथे त्या मौनाचे कारण शोधावे लागते.

याहून अवघड मौन आपल्या स्वतःचे आहे. आजच्या बसवकल्याण तालुक्यातील गोरटा येथे मे १९४८ मध्ये रझाकारांनी केलेले हत्याकांड या भागात कोणी विसरलेले नाही, आणि विसरू नये. पण कारवाईच्या काळात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत निरपराध मुसलमान रहिवाशांवर जे गुदरले, त्याची नोंद आपल्या मराठी कपाटात शोधावी लागते. केंद्र सरकारच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राज्याच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांचा दौरा केला. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिलेला असून सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड यांच्याबरोबर गुलबर्गा आणि बीदर यांची नावे आहेत. सरकारने हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध केला नाही. कित्येक दशकांनी तो अभ्यासकांच्या हाती आला.

या अहवालालाही आपले नेहमीचे प्रश्न विचारलेच पाहिजेत. दौरा सुमारे तीन आठवड्यांचा, माहिती मुख्यतः मुलाखतींतून मिळालेली, आणि दोन आकड्यांत तेरा हजारांचे अंतर. तेव्हा हा मोजलेला आकडा नव्हे, अंदाज आहे. परंतु अंदाज सैल आहे म्हणून घटना घडलीच नाही, असे म्हणणारा वाचक आळंदच्या घोड्यांचा आकडा खोटा म्हणून बाजारच नाकारणाऱ्यासारखा आहे. याच अहवालात हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुसलमान कुटुंबांना आसरा दिल्याच्याही हकिगती आहेत. ज्याने तो वाचलाच नाही, त्याला आपल्या लोकांचे हे मोठेपणही ठाऊक होत नाही. एका बाजूचे दुःख वाचल्याने दुसऱ्या बाजूचे दुःख कमी होत नाही. दोन्ही वाचणाऱ्यालाच आपल्या गावाचा इतिहास खऱ्या अर्थाने कळतो.

ही चिकित्सेची दृष्टी परकी आहे, असे मात्र कोणी समजू नये. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हा लाडक्या बखरींनाही त्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून पाहिले. त्याबद्दल त्यांचा स्वाभिमान कोणी कमी लेखला नाही. आपल्या अगदी जवळचे उदाहरण सेतुमाधवराव पगडी यांचे. १९१० साली निलंग्याला जन्मलेल्या या संशोधकाने फार्सी साधने मराठीत आणली आणि मराठ्यांचा इतिहास मोगल दरबाराच्या बातमीपत्रांतूनही वाचावयास शिकविले. प्रतिपक्षाचा कागद उघडल्याने आपला इतिहास दुबळा होत नाही, उलट पक्का होतो, हे त्यांनी कृतीने दाखविले. चार भाषांच्या तिठ्यावर वाढलेल्या माणसाला ही दृष्टी सहज लाभू शकते. आपण सर्व त्याच तिठ्यावर राहतो.

तेव्हा ललितेतर ग्रंथ हाती घेताना फार मोठी विद्वत्ता लागते असे नाही. लिहिणारा कोण, घटनेपासून किती दूर, त्याने पाहिले की ऐकले, कोणासाठी लिहिले, कोणाविषयी तो गप्प आहे, आणि दुसरा साक्षीदार काय सांगतो, एवढे प्रश्न मनाशी असले तरी पुष्कळ झाले. हेच प्रश्न आपल्याला न आवडणाऱ्या लेखकाला जितक्या कठोरपणे विचारतो, तितक्याच कठोरपणे आवडत्या लेखकालाही विचारावेत. चिकित्सेचा खरा कस तेथेच लागतो. केवळ विरोधकाच्या पुस्तकावर चालणारी चिकित्सा म्हणजे वकिली होय.

या संदर्भात दोन सूचना करून लेख संपवितो. आपल्या जिल्ह्यांविषयीचे मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी ग्रंथ भाषेनुसार निरनिराळ्या कपाटांत न ठेवता एका ठिकाणी, विषयानुसार शेजारी शेजारी ठेवावेत. एक पुस्तक घेण्यास आलेल्या सभासदाच्या नजरेस दुसरे आपोआप पडेल. दुसरी सूचना अधिक निकडीची आहे. १९४८ जाणत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्या आठवणी सर्व समाजांतून, सांगणाऱ्याचे नाव, तारीख, आणि कोणती गोष्ट पाहिलेली व कोणती ऐकलेली हे वेगळे नोंदवून, ग्रंथालयाने लिहून घ्याव्यात. गावानने मजकूर आपला नाही असे सांगितले तेव्हा ते तपासून पाहणारे कोणी पुढे आले नाही. आपल्या ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकात असे तपासून पाहणारे वाचक येथे घडोत, एवढीच या प्रसंगी सदिच्छा.